एकच टपाल, दोन पेट्या

वऱ्हाडांतील सुशिक्षित घरांतून अलीकडे एक तक्रार वारंवार कानीं येते. आलेलें ई-मेल हातांतील फोनवर दिसतें, पण टेबलावरील संगणकावर दिसत नाहीं. संगणकावर वाचून बाजूस ठेवलेलें पत्र फोनवर न वाचलेलेंच राहतें. आणि सर्वांत विलक्षण म्हणजे कोणींहि हात न लावतां जुनीं पत्रें एका ठिकाणाहून नाहींशीं होतात. अशा वेळीं घरांतील तरुण मंडळी 'बाबांनीं कांहीं तरी दाबलें असेल' असा निकाल देऊन मोकळी होते, आणि वडील मंडळी यंत्रास दोष देते. बहुतेक प्रसंगीं दोन्ही पक्षांचा तर्क चुकलेला असतो.

या महिन्यांत अकोल्याच्या एका भगिनींनीं याच विषयावर विचारणा केली आहे. त्यांचे वडील अमरावतीस राहत. निवृत्तीनंतरचा त्यांचा सगळा पत्रव्यवहार संगणकावरील थंडरबर्ड या प्रोग्रॅममध्यें होत असे. परदेशांतील मुलास व अकोल्याच्या लेकीस ते आठवड्यास एक तरी लांबलचक पत्र लिहीत. गेल्या वर्षीं ते वारले. आतां अमरावतीचें घर रिकामें करावयाचें आहे आणि संगणकहि कोणास तरी द्यावयाचा आहे. वडिलांच्या खात्याचा पासवर्ड या भगिनींपाशीं आहे. परंतु तें खातें आपल्या फोनवर उघडल्यास अखेरच्या कांहीं आठवड्यांचीं पत्रें तेवढीं दिसतात. इतक्या वर्षांचीं बाकीचीं पत्रें कोठें गेलीं, असा त्यांचा प्रश्न आहे.

कारणमीमांसा मागाहून करूं. आधीं दोन गोष्टी सांगणें जरूर आहे. पत्रें बहुधा गेलेलीं नाहींत. तीं अमरावतीच्या त्या संगणकांत आहेत, आणि जगांत दुसरीकडे कोठेंहि नाहींत. म्हणून संगणक देण्याची घाई करूं नये. आणि पुढील मजकूर वाचून होईपर्यंत तो इंटरनेटला जोडून सुरूहि करूं नये.

ई-मेलचें पत्र पाठविणाराच्या यंत्रांतून निघालें म्हणजे थेट आपल्या घरीं येत नाहीं. ज्या संस्थेपाशीं आपलें खातें असतें, तिच्या मोठ्या संगणकावर तें प्रथम उतरतें. त्यासच सर्व्हर म्हणतात. अमरावतीकरांस ही गोष्ट समजावून सांगणें सोपें आहे. त्यांचें शहर मुंबई-नागपूर या मुख्य लोहमार्गावर नाहीं. गाडी बडनेऱ्यास थांबते व तेथून शहराकडे फांटा जातो. अकोलेकर आपल्याच स्थानकावर उतरतो, अमरावतीकरास बडनेरा चुकत नाहीं. ई-मेलच्या बाबतींत आपण सारेच अमरावतीकर आहों, आणि सर्व्हर हें आपलें बडनेरा. तेथें उतरलेली थैली घरापर्यंत कशी आणावयाची याच्या दोन रीती आहेत, व सगळा घोटाळा या दोन रीतींच्या सरमिसळींतून उत्पन्न होतो.

पहिल्या रीतीस 'पॉप' म्हणतात. हिच्यांत आपला प्रोग्रॅम जणूं बडनेऱ्यास गडी पाठवितो, थैली उचलून घरीं आणवितो आणि तेथील फळी रिकामी करवितो. पत्र घरच्या पेटींत पडलें कीं तें घरचेंच झालें. दुसरी रीत 'आयमॅप'. हिच्यांत पत्र बडनेऱ्याच्या कचेरींतच राहतें. घरच्या संगणकावर, फोनवर, नातवाच्या टॅबलेटवर दिसतें तें त्याचें प्रतिबिंब. म्हणून एका जागीं पत्र वाचलें कीं सर्वत्र वाचलेलें दिसतें, आणि एका जागीं फाडलें कीं सर्वत्र फाटतें. आयमॅपची ही दुसरी बाजू फार थोड्यांच्या ध्यानांत असते. 'फोनवर जागा व्हावी म्हणून' पत्रें पुसणारे गृहस्थ आम्हांस भेटले आहेत. त्यांच्या संगणकावरूनहि तीं पत्रें त्याच क्षणीं गेलीं, यांत संगणकाचा अपराध कांहीं नव्हता.

पॉपची पहिली आखणी १९८४ सालची. आज चालते ती तिसरी आवृत्ति १९८८ सालीं प्रथम निघाली. आयमॅप ही मार्क क्रिस्पिन यांनीं १९८६ सालीं स्टॅन्फर्ड विद्यापीठांत असतांना रचली. म्हणजे दोघी जवळजवळ समवयस्क. तरीहि आपल्याकडे घरोघर पॉपच कां रुजली, हें समजण्यास मागील पिढीचे दिवस आठवावे लागतात. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें भारतांत सर्वसामान्य जनतेसाठीं इंटरनेट खुलें केलें, तें टेलिफोनच्या तारेवरून. जितकीं मिनिटें तार जोडलेली, तितका खर्च. तेव्हां तार जोडावी, थैली उचलावी, तार तोडावी आणि मग निवांत वाचीत बसावें, हाच काटकसरीचा मार्ग होता. सर्व्हरवर मिळणारी जागाहि मूठभर असे. १ एप्रिल २००४ रोजीं जीमेल निघालें व त्यानें प्रत्येकास एक गिगाबाइट जागा देऊं केली, तेव्हां कित्येकांस ती त्या तारखेची थट्टाच वाटली होती.

त्या काळांत ज्यांनीं प्रोग्रॅम बसवून घेतला त्यांच्या घरीं ती मांडणी तशीच राहिली. संगणक बदलला, विंडोज बदललें. परंतु बसविणारानें जुनें खातें जसेंच्या तसें नव्या यंत्रांत उचलून ठेवलें. पुढें हातांत फोन आला. फोन सामान्यतः आयमॅपनें चालतो. अशा रीतीनें एकाच खात्यावर दोन कारभारी नेमले गेले : एक थैली घरीं नेणारा, दुसरा ती कचेरींतच पाहणारा.

आतां त्या कांहीं आठवड्यांचें कोडें उलगडतें. थंडरबर्डांत पॉपचें खातें उघडलें म्हणजे एक खूण आपोआप केलेली असते : पत्रें सर्व्हरवर ठेवावीं, परंतु फार तर १४ दिवस. आऊटलूकच्या अनेक आवृत्तींतहि हाच आंकडा आढळतो. त्यामुळें आलेलें पत्र फोनवर दोन आठवडे सुखानें दिसतें, आणि पुढें ज्या दिवशीं टेबलावरील संगणक सुरू होईल त्या दिवशीं मुकाट्यानें नाहींसें होतें. या भगिनींचे वडील वारले व संगणक बंद पडून राहिला. म्हणून शेवटचे दोन आठवडे आणि त्यानंतर आलेलें टपाल एवढेंच सर्व्हरवर उरलें. त्यांनीं स्वतः लिहिलेलीं पत्रें तर सर्व्हरवर कधीं ठेवलींच गेलीं नव्हतीं; तीं पहिल्यापासून संगणकांतील 'सेंट' या कप्प्यांत आहेत. (जीमेलचा प्रकार थोडा निराळा आहे. पॉपनें पत्र नेल्यावर मूळ प्रतीचें काय करावयाचें हें जीमेलच्या स्वतःच्या सेटिंगवर ठरतें, आणि तेथून पाठविलेल्या पत्राची नोंदहि तें स्वतः ठेवतें. पण या वडिलांचें खातें जीमेलचें नव्हे.)

संगणक इंटरनेटला जोडूं नये असें आम्हीं कां म्हटलें तेंहि यावरून कळेल. थंडरबर्ड उघडतांच तो जुन्या आज्ञेप्रमाणें सर्व्हरवरील पत्रें खालीं ओढील आणि १४ दिवसांहून जुनीं तेथून पुसून टाकील. इतक्या दिवसांच्या बंद यंत्राची तबकडी त्याच क्षणीं दगा देणार नाहीं असें कोणीं सांगावें? म्हणून प्रथम नेटची तार काढावी, वायफाय बंद करावें, व मगच संगणक सुरू करावा. थंडरबर्डांत हेल्प या सदरांत ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन म्हणून एक पान आहे. तेथें प्रोफाइल फोल्डर कोठें आहे तें दाखविलेलें असतें व तो उघडतांहि येतो. तो उघडून ठेवावा, थंडरबर्ड पूर्णपणें बंद करावें, आणि तो सबंध फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावा. एक नव्हे, दोन डिस्कांवर. व त्यांपैकीं एक त्याच दिवशीं अमरावतीहून अकोल्यास न्यावी. ज्यांच्या घरीं आऊटलूक असेल त्यांनीं पीएसटी या शेवटाची फाइल शोधून तिची प्रत घ्यावी. पॉपच्या खात्याचीं पत्रें तिच्यांतच असतात.

उतरवून घेतलेल्या फोल्डरांत मेल नांवाचा पोटफोल्डर सांपडेल. त्यांत 'इनबॉक्स' आणि 'इनबॉक्स-डॉट-एमएसएफ' अशा जोडीजोडीनें फाइली असतात. यांपैकीं मागें शेपूट नसलेली फाइल म्हणजे खरीं पत्रें : एकाखालीं एक साध्या मजकुरांत लिहिलेलीं, सोबतचीं छायाचित्रेंहि सांकेतिक अक्षरांत तींतच गुंडाळलेलीं. शेपटाची फाइल ही नुसती अनुक्रमणिका. ती हरवली तरी प्रोग्रॅम पुन्हां तयार करतो. हें ज्ञान फार उपयोगाचें आहे, कारण दुरुस्ती करणारा घाबरवूं लागला म्हणजे आपण आधीं शेपूट नसलेली फाइल जाग्यावर आहे कीं नाहीं व तिचा आकार किती, एवढें विचारावें. ती शाबूत असेल तर पत्रें शाबूत आहेत.

पुढचें काम अकोल्यास घरीं बसून करतां येतें. आपल्या संगणकावर थंडरबर्ड बसवून त्यांत आपलें स्वतःचें खातें आयमॅपनें उघडावें. प्रोग्रॅम बंद असतांना वडिलांच्या त्या बिनशेपटाच्या फाइली थंडरबर्डाच्या 'लोकल फोल्डर्स' या जागेंत ठेवाव्या. पुन्हां उघडल्यावर त्या कप्प्यांच्या रूपानें दिसूं लागतील. मग आपल्या सर्व्हरवरील खात्यांत वडिलांच्या नांवाचा एक कप्पा व त्यांत सालवार पोटकप्पे करावे, आणि दोनदोनशें-तीनतीनशें पत्रें निवडून 'कॉपी टू' या आज्ञेनें वर चढवावीं. 'मूव्ह' ही आज्ञा शेजारीच असते. तिच्या वाटेस जाऊं नये, कारण चढवितांना तार तुटली तर पत्र इकडचेंहि नाहीं व तिकडचेंहि नाहीं अशी अवस्था होऊं शकते. प्रत्येक साल संपलें कीं दोन्हीकडील संख्या ताडून पाहावी. हजारों पत्रें एका बैठकींत चढविण्याचा हट्ट धरूं नये. सर्व्हर मध्येंच हात आंखडता घेतो. आणि शेवटीं ब्राउझरमध्यें खातें उघडून, कांहीं जुनीं पत्रें सोबतच्या चित्रांसह खरोखर उघडतात हें डोळ्यांनीं पाहावें.

हीं पत्रें वडिलांच्याच खात्यांत परत कां चढवूं नयेत, अशी शंका येईल. भावनेच्या दृष्टीनें तें उचित वाटतें खरें. परंतु बेवारस खातें फार दिवस कोणी ठेवीत नाहीं. गूगलनें तर १ डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षें न वापरलेलीं खासगी खातीं पुसून टाकण्याचा नियम अंमलांत आणला आहे, व इतर संस्थांचेहि असे नियम असतात. म्हणून पत्रें जित्या माणसाच्या खात्यांत ठेवावीं, आणि शक्य तर भाऊ-बहीण दोघांच्याहि. जीमेलची १५ गिगाबाइट फुकट जागा छायाचित्रांसह सर्व वस्तूंना मिळून असते, हें मात्र विसरूं नये. चढविण्यापूर्वीं फाइलींचा आकार पाहावा. ती जागा भरली तर नवें टपालच येईनासें होतें. नातवंडांच्या चलच्चित्रांनीं आजोबांचें निवृत्तिवेतनाचें पत्र अडविल्याचीं उदाहरणें विरळ नाहींत.

ज्यांच्या घरीं वडील सुखरूप असून केवळ टपालाचा मेळ बसत नाहीं, त्यांना इतका उपद्व्याप नको. त्यांनीं पहिली परीक्षा अशी करावी : प्रोग्रॅम व फोन दोन्ही बाजूस ठेवून ब्राउझरांत खातें उघडावें. तेथें दिसतें तेंच सर्व्हरवरचें सत्य. हवें असलेलें पत्र तेथें आहे व संगणकावर नाहीं, तर दोष संगणकाकडचा. तेथेंहि नसेल, तर तें स्पॅमच्या कप्प्यांत अडकलें आहे काय, जागा भरली आहे काय, किंवा दुसऱ्या कोणत्या यंत्रानें तें घरीं ओढून नेलें आहे काय, हें पाहावें. आमच्या मतें निम्म्याहून अधिक भांडणें एवढ्या एका परीक्षेनें मिटावीं. पण लोक प्रथम प्रोग्रॅम काढून टाकून पुन्हां बसवितात! खातें काढून टाकतांना सोबतचीं पत्रेंहि पुसावीं काय, असा प्रश्न प्रोग्रॅम विचारतो, त्यावर घाईंत होकार दिला जातो, आणि पॉपच्या घरांत तो होकार परत घेतां येत नाहीं.

थंडरबर्डांत जुनें पॉपचें खातें आयमॅपमध्यें पालटतां येत नाहीं. त्याच पत्त्याचें नवें आयमॅप खातें शेजारीं उघडावें, जुन्याचें आपोआप टपाल आणणें बंद करावें, आणि जुन्या कप्प्यांतील पत्रें वर सांगितल्याप्रमाणें चढवावीं. जीमेलच्या खासगी खात्यांत जानेवारी २०२५ पासून आयमॅप सदैव चालूच असतो. पूर्वींच्या पुस्तकांत सांगितलेली ती चालू करण्याची कळ आतां शोधीत बसूं नये.

पासवर्ड बरोबर असूनहि प्रोग्रॅम तो पुन्हां पुन्हां मागतो, ही दुसरी सार्वत्रिक तक्रार. हिचें मूळ बहुधा घरांत नसतें. गूगलनें ३० मे २०२२ पासून खासगी खात्यांत नुसत्या पासवर्डावर बाहेरच्या प्रोग्रॅमांस प्रवेश देणें बंद केलें. मायक्रोसॉफ्टनेंहि १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या खासगी खात्यांस तोच नियम लावला. आतां प्रोग्रॅमच्या सर्व्हर सेटिंगमध्यें ओळख पटविण्याची रीत म्हणून 'ओ-ऑथ-२' निवडावी लागते. मग एक खिडकी उघडते, तींत एकदां पासवर्ड देऊन परवानगी द्यावयाची. हा बदल येणाऱ्या व जाणाऱ्या अशा दोन्ही टपालांसाठीं निरनिराळा करावा लागतो, आणि दुसरा बहुधा विसरला जातो. पत्रें येतात पण जात नाहींत त्याचें कारण हेंच. ज्या जुन्या प्रोग्रॅमास ही रीत ठाऊकच नाहीं, त्याच्यासाठीं गूगलच्या खात्यांत १६ अक्षरांचा स्वतंत्र अ‍ॅप पासवर्ड काढून घेतां येतो. त्यास आधीं दोन टप्प्यांची पडताळणी चालू असावी लागते. दारांचे क्रमांकहि लिहून ठेवावे : आयमॅपचें ९९३, पॉपचें ९९५, बाहेर जाणाऱ्या टपालाचें ४६५ किंवा ५८७.

एक क्षुल्लक कारण मोठमोठ्यांस चकवितें, तें घड्याळाचें. संगणकाच्या आंत रुपयाएवढी एक चपटी बॅटरी असते. ती संपली कीं वीज गेल्यावर संगणकाची तारीख कित्येक वर्षें मागें जाते. सर्व्हर आपली ओळख पटविण्यास जें प्रमाणपत्र दाखवितो, त्यास मुदत असते. दहा-पंधरा वर्षें मागें राहिलेल्या संगणकास तें खोटें वाटतें, व तो बोलणेंच तोडतो. तारीख दुरुस्त केली कीं टपाल धो धो येऊं लागतें. सी-आर २०३२ या नांवानें ती बॅटरी घड्याळाच्या दुकानांतहि मिळते.

वीज अवचित जाण्याचा दुसरा परिणाम अनुक्रमणिकेवर होतो : कप्पा रिकामा दिसतो, मथळा एका पत्राचा व मजकूर दुसऱ्याचा दिसतो. कप्प्यावर उजवें बटण दाबून प्रॉपर्टीजमध्यें 'रिपेअर फोल्डर' आहे, तें चालवावें. क्वचित् पूर्वीं पुसलेलीं पत्रें त्यामुळें पुन्हां उगवतात. त्यांनीं दचकूं नये. पण 'कॉम्पॅक्ट' ही कप्पा आवळण्याची क्रिया चालू असतांना वीज गेल्यास मूळ फाइलच बिघडूं शकते. इन्व्हर्टरची बॅटरी थकली असेल तर ती क्रिया वैशाखांतल्या दुपारीं करूं नये, जेव्हां पारा ४५ अंशांवर जाऊन वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो.

मदतीचा दूरध्वनि क्रमांक शोधयंत्रांत शोधून तेथें भेटेल त्यास संगणकाचा ताबा देणें, ही सवय मात्र घरांतून अजीबात घालवावी. टपालाच्या दुरुस्तीसाठीं बँकेचा आंकडा किंवा फोनवर आलेला ओटीपी कोणासहि लागत नाहीं. जो मागेल त्याचा फोन तेथेंच ठेवावा.

अकोल्याच्या कापसाच्या एका व्यापाऱ्यांनीं विचारलें आहे कीं, पेढीवर व घरीं अशा दोन संगणकांवर एकच जीमेल खातें पॉपनें ठेवलें असतां, पेढीवरच्यानें नेलेलें पत्र घरीं येत नाहीं, तें कसें यावें? खात्याच्या नांवाआधीं इंग्रजी लिपींत 'रीसेंट' हा शब्द व त्यापुढें उभीं दोन टिंबें अशी जोड दोन्ही यंत्रांत द्यावी. मग दुसऱ्यानें पत्र नेलें असो वा नसो, प्रत्येक यंत्रास गेल्या ३० दिवसांचें टपाल मिळतें. मात्र दोन्ही यंत्रांत पत्रें सर्व्हरवर ठेवण्याची खूण केलेली असावी. पेढी दिवाळीला महिन्याहून अधिक दिवस बंद राहत असेल, तर त्यांनीं सरळ आयमॅपच पत्करावा हें बरें.